गोखिवऱ्याची मुले आणि सोपाऱ्याचा ठेवा

वसई रोड स्टेशनवर पूर्वेला उतरून महामार्गाकडे, म्हणजे वसई फाट्याच्या दिशेने निघाले की वाटेत गोखिवरे लागते. रेंज ऑफिसचा स्टॉप, त्याच्या आसपास कारखान्यांचे गाळे, मधूनच जुने गाव, चाळी, नव्या इमारती आणि उगवतीला तुंगारेश्वराचे डोंगर. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. गावाचा पत्ता दोनदा बदलला. सकाळी हातात डबा घेऊन गाळ्याकडे जाणारी माणसे मात्र तशीच आहेत. कोणी कोकणातून आलेले, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेश-विदर्भातून. त्यांत आपली बौद्ध कुटुंबेही आहेत. दहा बाय पंधराच्या खोलीत संसार, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दारात खेळणारी मुले.

रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, वसईचे दुसरे रूप आहे. वाड्या, विहिरी, केळी-फुलांचे मळे आणि गावोगावची चर्चे. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली आणि १७३९ साली ती मराठ्यांनी जिंकली. त्या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. घरात आपापली बोली बोलणारी, मराठीत प्रार्थना करणारी ही मंडळी आपले जुने शेजारी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा उपवासकाळ संपतो, गुड फ्रायडे येतो आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. बेकरीच्या काचेत रंगीत अंडी दिसू लागतात. कोणी चॉकलेटची, कोणी काजूच्या पिठीत साखर घालून केलेली. शाळेतल्या मैत्रिणीकडून, टीव्हीवरून किंवा मोबाइलवरून आपल्या मुलांपर्यंतही ही बातमी पोहोचते. मग घरी प्रश्न येतो, "आई, आपल्याकडे अंडी लपवून शोधायचा खेळ का नसतो?"

हा प्रश्न लहान वाटला तरी टाळण्यासारखा नाही. "ते आपले नव्हे," एवढे म्हणून मुलाला गप्प करता येते, पण त्यातून ते काही शिकत नाही. या खेळाचे मूळ काय, तो आपल्याला कसा घेता येईल, आणि गोखिवऱ्याच्या मुलांसाठी त्याचे धागे जवळच्या सोपाऱ्याच्या बौद्ध ठेव्याशी कसे जुळतात, हे सांगण्यासाठी हा लेख.

खेळ आला कोठून?

युरोपात पूर्वी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास माहीत नसतो, त्या अंडी घालतच राहत. साठलेली अंडी उपवास सुटला की खाल्ली जात, रंगवून एकमेकांना दिली जात. येशू ख्रिस्त पुन्हा उठला ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा; कवच फोडून बाहेर येणारा जीव त्यांना त्याचे चिन्ह वाटला. अंडी बागेत लपवून मुलांनी शोधायची, हा प्रकार जर्मन लोकांत वाढला. ससा येऊन अंडी लपवून जातो ही गोष्टही तिकडचीच; १६८२ सालच्या एका जर्मन लेखकाच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. राणी व्हिक्टोरिया लहान असताना तिच्या जर्मन आईने १८३३ साली तिच्यासाठी असा शोध मांडला होता. इंग्रजांत तो रुळला आणि पुढे जगभर गेला.

म्हणजे चर्चमधली प्रार्थना हा धर्मविधी आहे आणि अंगणातला शोध हा मुलांचा खेळ आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या कुटुंबाला हा फरक सहज कळेल. ख्रिस्ती शेजाऱ्याने बोलावले तर मुलांना जरूर पाठवावे, जाताना काहीतरी घेऊन जावे, "हॅपी ईस्टर" म्हणावे. शेजारधर्म हा धम्माचाच भाग आहे. आपण खेळ मांडू तेव्हा मात्र त्याला ईस्टर म्हणू नये, कारण तो त्यांचा सण आहे. आपण त्यांच्याकडून खेळ घ्यावा आणि त्यात आपला आशय भरावा.

तिथीचाही एक योग आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा झाली की पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणजे तो सणही चंद्रावर चालतो. आपली बुद्ध पौर्णिमा साधारण त्याच्या पुढची, क्वचित आणखी एका पौर्णिमेनंतर येते. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता आणि बुद्ध पौर्णिमा १२ मेला. चौदा एप्रिलची भीमजयंतीही याच दिवसांत येते आणि पाठोपाठ शाळेच्या परीक्षा संपतात. जयंती ते बुद्ध पौर्णिमा या काळातला एखादा सुट्टीचा दिवस आपल्या शोधखेळासाठी अगदी योग्य आहे.

शिकार सोडलेल्या राजाचा दगड

इंग्रजीत या खेळाला "एग हंट" म्हणतात. हंट म्हणजे शिकार. या शब्दावरून गोखिवऱ्याच्या माणसाला सोपारा आठवायला हवा.

वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. तेथील सोपारा हे एके काळचे मोठे बंदर, शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुटका तुकडा मिळाला. आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे मौजेच्या सफरीवर निघत, त्यात शिकार असे आणि तसलेच दुसरे विलास असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे जेथे तथागतांना ज्ञान झाले त्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमणांची आणि ब्राह्मणांची भेट घ्यायची, दान द्यायचे, वृद्धांना मदत करायची, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचे. यात आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे तो राजा सांगतो.

शिकार सोडून लोकांना भेटायला निघालेल्या राजाचा हा लेख आपल्या शेजारच्या गावात सापडावा, ही केवढी गोष्ट! मुलांना ती सांगावी. आपल्या खेळाला "शिकार" न म्हणता "धम्मशोध" म्हणावे. त्यात शोधायचे आहे, पळवायचे नाही. भेटायचे आहे, हरवायचे नाही.

वसईजवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली ते हेच वर्ष. नवव्या लेखाचा आशय असा: आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी धम्माचा. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे, प्राणिमात्राशी संयमाने वागणे, दान देणे. गाळ्यात बारा तास राबणाऱ्या कामगाराला या ओळीची किंमत कोणी वेगळी सांगायला नको. मुलांचा कार्यक्रम ठरवतानाही हीच कसोटी लावावी. मंडप, लाउडस्पीकर आणि बॅनर यांवर पैसा गेला आणि मुलांशी कोणी दोन शब्द नीट बोलले नाही, तर ते थोड्या फळाचेच मंगल झाले.

पेटीत पेटी

सोपाऱ्याचा दुसरा ठेवा तर शोधखेळाचा नमुनाच आहे. सोपाऱ्यात एक मोठे टेकाड होते. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत काय आहे ते कोणाला ठाऊक नव्हते. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ते उघडले आणि तो विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे स्पष्ट झाले. योगायोग असा की त्या वर्षी ईस्टरही एप्रिलमध्येच, ९ तारखेला होता.

स्तूपाच्या पोटात एक मोठी दगडी पेटी मिळाली. तिच्यात बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. त्यांच्या मध्ये तांब्याचा करंडक. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची पुष्कळ लहान लहान फुले. आणि सर्वांत आत, सोन्याच्या करंडकात काय असावे? हिरा नव्हे, माणिक नव्हे. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून पूर्वजांनी जपले होते.

येथे क्षणभर थांबावे. ज्यांनी हे घडवले त्यांच्याजवळ सोने होते, स्फटिक होता. तरीही त्यांनी सोन्याचे वेष्टन केले आणि मातीला आतली जागा दिली. कारण त्या मातीच्या पात्रात घरोघरचा घास एकत्र आला होता. त्यात कोणाची जात वेगळी ठेवलेली नव्हती. मुलाने एकामागून एक डबा उघडत जावे आणि शेवटी त्याला ही गोष्ट मिळावी, यापेक्षा चांगले बक्षीस कोणते?

आणखी एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. स्तूपाच्या गोल घुमटाला शिल्पशास्त्रात "अंड" म्हणतात. म्हणजे आपल्याकडेही एक मोठे अंडे आहे, आणि त्याच्या पोटात काय आहे ते शोधावे लागते.

आता तयारीला लागा

महिला मंडळ, विहाराचे तरुण कार्यकर्ते किंवा चाळीतल्या चार आया एवढे जण पुरे. दोन आठवडे आधी एका संध्याकाळी बसावे आणि पुढील गोष्टी ठरवाव्यात.

जागा आणि वेळ: विहाराचे किंवा समाजमंदिराचे आवार, चाळीचे अंगण किंवा इमारतीखालची मोकळी जागा चालेल. रस्त्याला लागून, उघड्या गटाराजवळ, विजेच्या पेटीजवळ किंवा गाळ्यांच्या मागे भंगार पडते तेथे खेळ नको. आदल्या दिवशी दोघांनी जागा झाडून काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे उचलावेत. एप्रिल-मेचे ऊन कडक असते, म्हणून सकाळी आठला सुरुवात आणि साडेनऊला शेवट. पिण्याच्या पाण्याचा पिंप सावलीत ठेवावा.

वयाचे गट: दोन ते चार, पाच ते सात आणि आठ ते दहा असे तीन गट करावेत. धाकट्यांची जागा वेगळी आखावी. त्यांच्या वस्तू अर्ध्या उघड्याच ठेवाव्यात, पायरीवर, कुंडीच्या कडेला, आईच्या पदराजवळ. मधल्या गटासाठी थोड्या झाकून. मोठ्यांना चिठ्ठ्या द्याव्यात, म्हणजे वाचनही होते. "जेथे वंदनेआधी चपला काढतो तेथे पाहा," "पाणी देते पण बोलत नाही, तिच्या मागे पाहा," अशा साध्या ओळी आपणच जुळवाव्यात.

वाटणी: या खेळातला खरा घोटाळा येथे होतो. शिटी वाजली की जो दांडगा तो टोपली भरतो आणि जो लहान, लाजरा किंवा पायाने अधू तो रिकाम्या हाताने रडत परततो. खेळाच्या नावाखाली आपण मुलांना बळी तो कान पिळी हेच शिकवतो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक मुलाला एक रंग किंवा खूण द्यावी, चांदणी, पान, मासा, होडी असे काहीही. त्याने आपल्याच खुणेच्या वस्तू घ्यायच्या. दुसऱ्याची खूण दिसली तर हात लावायचा नाही, पण "जवळ आलास", "लांब गेलास" असे ओरडून मदत करायची. सर्वांच्या वस्तू सारख्या. बारा मुले आणि प्रत्येकी पाच वस्तू म्हणजे साठ. किती लपवल्या आणि कोठे, हे एका वहीत लिहून ठेवावे. नाहीतर राहिलेले उकडलेले अंडे चार दिवसांनी वासावरून सापडते!

वस्तू: महाग प्लास्टिकची अंडी विकत आणायची गरज नाही. रिकाम्या काडेपेट्यांना रंगीत कागद चिकटवला की छान पेटी होते. तिच्यात चिक्कीचा तुकडा, खोडरबर किंवा पेन्सिलचा छोटा तुकडा मावतो. पाच वर्षांखालील मुलांच्या वाट्याला मणी, गोट्या, शेंगदाणे, गोळ्या अजिबात ठेवू नयेत; त्या घशात अडकतात. त्यांना चेंडू, कापडी बाहुली किंवा केळे द्यावे.

खरी अंडी: ठेवायची असतील तर रंग स्वयंपाकघरातच आहेत. आठ-दहा कांद्यांच्या वरच्या साली पाण्यात उकळल्या की विटकरी-तांबूस रंग मिळतो, हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी. रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून त्यातच अंडी दहा-बारा मिनिटे उकडावीत. पांढऱ्या कवचावर रंग खुलतो. आदल्या दुपारी हे काम मुलांना समोर बसवून करावे, तो खेळाचाच भाग आहे. विस्तवाजवळ मात्र मोठ्यांनीच राहावे. रंगवलेली अंडी रात्री फ्रिजमध्ये ठेवावीत. फ्रिज नसेल तर त्याच पहाटे उकडावीत. आपल्या उन्हाळ्यात उकडलेले अंडे बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. म्हणून अंडी सर्वांत शेवटी लपवावीत, सापडली की लगेच सोलून मिठाबरोबर खाऊन टाकावीत. तडकलेले अंडे लपवण्यासाठी वापरू नये. जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्या खुणेवर केळे ठेवावे, त्याची चर्चा करू नये.

अंड्याबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. कष्टकऱ्याच्या घरात वाढत्या मुलाला एवढ्या स्वस्तात एवढे पोषण दुसऱ्या थोड्याच पदार्थांतून मिळते. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. ज्या घरांत अंडे हा खेळ नसून जेवण आहे त्यांनाच याचा चटका बसला. म्हणून आपल्या खेळात अंडे फेकायचे, फोडायचे किंवा डोक्यावर आपटायचे प्रकार नकोत. ते शोधायचे आणि खायचे.

चोवीस आऱ्यांचे चक्र

प्रत्येकाने आपापले शोधले आणि घरी गेला, असे होऊ नये म्हणून एक सामुदायिक शोध ठेवावा. जाड पुठ्ठ्यावर मोठे अशोकचक्र काढावे. त्याला चोवीस आरे असतात. ते चोवीस भागांत कापून मागे आकडे घालावेत आणि सगळीकडे लपवावेत. सहा मुले असतील तर प्रत्येकी चार, आठ असतील तर तीन, बारा असतील तर दोन. मुले कमी-जास्त असतील तर उरलेले भाग आजी-आजोबांना शोधायला द्यावेत. सर्व भाग आले की जमिनीवर चक्र जुळवायचे. एक जरी आरा राहिला तरी चक्र पुरे होत नाही. मग सर्व मिळून तोच शोधू लागतात, आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते त्या मुलाच्या हातात तो सापडला की त्याच्या तोंडावर जे हसू येते ते पाहण्यासारखे असते.

चक्र पुरे झाले की शेवटचा ठेवा उघडायचा. घरातल्या एकात एक बसणाऱ्या पाच डब्यांना कागद लावावा. बाहेरच्याला तांबूस, त्याच्या आतल्याला चंदेरी, मग दगडासारखा करडा, मग पारदर्शक आणि सर्वांत आतल्याला सोनेरी. तोंडाने सोपाऱ्याची गोष्ट सांगत एकेका मुलाने एकेक डबा उघडावा. सोनेरी डब्यात मातीची छोटी वाटी ठेवावी, पणतीही चालेल. ती निघाली की मुलांना विचारावे, "सोन्यात माती का बरे ठेवली असेल?" उत्तरे त्यांनाच देऊ द्यावीत. मग एक मोठे मातीचे पात्र मध्ये ठेवावे. प्रत्येकाने मिळालेल्या खाऊतला एक जिन्नस त्यात टाकावा. तो खाऊ नाक्यावर काम करणाऱ्या, खेळाला येऊ न शकलेल्या किंवा आजारी मुलाला मुलांनीच नेऊन द्यावा. दानपारमिता हा शब्द पाठ करण्याआधी ती अशी हाताला कळते.

मुलींबद्दल एक सूचना. कडेवर धाकट्या भावाला घेऊन कोपऱ्यात उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी प्रत्येक चाळीत असते. खेळ सुरू होण्याआधी ते बाळ एखाद्या मावशीने किंवा काकाने घ्यावे. तिचीही खूण कागदावर लिहिलेली असलीच पाहिजे.

मग सोपाऱ्याला चला

पुढच्या सुट्टीला मुलांना घेऊन सोपाऱ्याला जावे. गोखिवऱ्याहून बसने किंवा रिक्षाने वसई रोड स्टेशन, तेथून विरारकडे जाणाऱ्या लोकलने एकच स्टेशन, नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत स्तूपाशी पोहोचता येते. भाकरी-चटणी आणि पाणी बरोबर घ्यावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

तेथे गेल्यावर विटांचा उंचवटा पाहून मुले कदाचित म्हणतील, "एवढेच?" तेव्हा डब्यांची आठवण करून द्यावी. पाच पेट्या याच्याच पोटात होत्या. त्या आता येथे नाहीत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन आहेत. सोपारा परिसरातला अशोकाचा शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तीही एक सहल पुढे करता येईल.

सोपाऱ्याला काही लपवू नये, काही उकरू नये, विटांवर चढू नये, वीट खिशात घालू नये. हे संरक्षित स्मारक आहे आणि आपल्या पूर्वजांची आठवण आहे. येथला शोध डोळ्यांनी करायचा. विटा मोठ्या आहेत की आजच्यासारख्या? घुमटाचा गोल कोठून ओळखू येतो? जुने कोरीव दगड किती दिसतात? मुलांनी वहीत लिहावे, चित्र काढावे.

सावलीत बसून पूर्ण स्थविरांची गोष्ट सांगावी. ते सुनापरांत देशचे, शूर्पारक बंदराच्या मुलखातले. तथागतांजवळ दीक्षा घेऊन त्यांनी आपल्याच मुलखात धम्म सांगायला जायचे ठरवले. तथागतांनी विचारले, तेथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाले, मारले नाही एवढे चांगले समजेन. हाताने मारले तर? दगडाने मारले नाही हे चांगले. दगडाने मारले तर? काठीने मारले नाही हे चांगले. असे प्रश्न वाढत गेले आणि पूर्णांचे मन ढळले नाही. तेव्हा तथागतांनी त्यांना जायची अनुमती दिली. कारखान्यात, शाळेत, रस्त्यावर टोचून बोलणारी माणसे आपल्या मुलांनाही भेटणार आहेत. मन शांत ठेवून आपले काम न सोडणे म्हणजे काय, हे त्यांना या आपल्याच भागातल्या थेरांकडून कळेल. मात्र अन्याय सहन करावा असा याचा अर्थ नव्हे, हेही सांगावे. बाबासाहेबांनी आपल्याला मन शांत ठेवायला आणि हक्क मागायला, दोन्ही शिकवले.

फाटकाबाहेर कोणी नको

शहरात आता मॉलमध्ये, हॉटेलात, मोठ्या सोसायट्यांत तिकीट लावून अंडी शोधण्याचे कार्यक्रम होतात. आत रंगीत टोपल्या घेतलेली मुले आणि फाटकाच्या गजांना धरून पाहणारी बाहेरची मुले. हे दृश्य आपल्याला नवे नाही. आपल्या आजा-पणज्यांनी गावचे उत्सव असेच लांबून पाहिले. पाण्यालाही शिवू दिले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीचे वारस असलेल्या आपण मुलांचा खेळ मांडला आणि त्याला फाटक लावले, तर आपण काय शिकलो?

म्हणून आपल्या धम्मशोधाला तिकीट नको, वर्गणीची पावती दाखवण्याची अट नको. शेजारच्या परप्रांतीय कामगाराचे मूल, ख्रिस्ती मैत्रीण, मुसलमान मित्र, आदिवासी पाड्यावरचा सवंगडी, जो दारात येऊन उभा राहील त्याला एक खूण द्यावी. त्यासाठी तीन-चार मुलांच्या वस्तू आधीच जास्त तयार ठेवाव्यात. नियोजनाच्या वहीत ही ओळ पहिली लिहा.

आई-वडिलांनो, खर्च फारसा नाही. काडेपेट्या, पुठ्ठा, कांद्याच्या साली, घरचे डबे, मातीची वाटी आणि आपली एक सकाळ, एवढेच लागते. जयंतीच्या मिरवणुकीत खांद्यावर बसून निळा झेंडा पाहणारे मूल बुद्ध पौर्णिमेपर्यंत सोपाऱ्याची गोष्ट स्वतः सांगू लागेल. सोन्याच्या आत माती होती, आणि ती माती सर्वांच्या घासाची होती, हे ज्याला लहानपणी कळले, तो मोठेपणी कोणाला पंगतीबाहेर ठेवणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!